पैठणच्या वाटेवर : अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि पाळणाघर

पैठण म्हटले की कोणाला पैठणी आठवते, कोणाला नाथषष्ठीची यात्रा, तर कोणाला जायकवाडीचे धरण. इतिहासाची आवड असलेला माणूस सांगेल, की सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान ती हीच. येथील राजे आपल्या नावाआधी आईचे नाव लावीत. गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी ही नावे आपण शाळेत पाठ केली आहेत. ती रीत मध्यंतरी लोप पावली. आता महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या प्रत्येक मुलाच्या नावापुढे शासकीय कागदपत्रांत आईचे नाव लावणे बंधनकारक केले आहे. चांगले झाले. आईचे नाव कागदावर आले. परंतु त्या आईला आपल्या बाळाजवळ किती दिवस राहता येईल, हे कोण ठरवते? या प्रश्नाचा छडा लावण्यासाठी आम्ही पैठणला गेलो होतो. यात्रेला नाही आणि धरण पाहायलाही नाही.

आम्ही तिघे होतो. आम्ही दोघे कचेरीत खर्डेघाशी करणारे, आणि सोबत निवृत्त परिचारिका असलेल्या एक भगिनी. महिला मंडळाच्या ओळखीने निरोप आला होता : पैठणच्या एका वस्तीतील मुलगी अपुऱ्या दिवसांची बाळंत झाली आहे, तिची रजा संपत आली आहे, बाळाला पाळणाघरात ठेवावे की नाही यावरून घरात रोज वाद होतो, जरा येऊन जा.

ऑक्टोबरचा दुसरा रविवार. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथून पैठण सुमारे ५० किलोमीटर. कांचनवाडी मागे पडली, चितेगाव आले, बिडकीन आले, पुढे ढोरकीन. २०२३ पासून महिलांना एस. टी. त अर्धे तिकीट झाले, तेव्हापासून या गाड्या आयाबायांनी भरलेल्या असतात. कोणी माहेरी निघालेली, कोणी बाजाराला, कोणी कारखान्यातील पाळीला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटू लागला होता. कपाशीच्या शेताच्या बांधावर बाभळीला झोळी बांधलेली दिसली. झोळीत लेकरू, आणि सरीत पाठमोरी वाकलेली त्याची आई. आपल्याकडे पाळणाघर ही नवी गोष्ट नाही. बाभळीची झोळी हे आपल्या कष्टकरी समाजाचे सर्वांत जुने पाळणाघर. फक्त तेथे राखणीला कोणी नसते.

वस्तीत पोचलो. दोन खोल्यांचे पत्र्याचे घर, दारात तुळतुळीत सारवलेले अंगण, आत भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. जयभीम झाला, पाणी झाले. बाळ आजीच्या मांडीवर होते. मुलगी. गुटगुटीत म्हणता येणार नाही, पण डोळे टपोरे आणि नजर स्थिर. ती आमच्याकडे पाहून हसली आणि अर्धे काम तेथेच सोपे झाले.

हकीकत अशी. बाळाची आई औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात ठेकेदारामार्फत पॅकिंगचे काम करते. पहिलेच बाळंतपण. एप्रिलमध्ये एकाएकी रक्तदाब वाढला, अंगावर सूज आली. आदल्या दिवसापर्यंत ती कामावर होती. पैठणहून रुग्णवाहिकेने तिला शहरातील घाटी रुग्णालयात नेले आणि एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ३२ व्या आठवड्यालाच बाळ जन्मले. डॉक्टरांनी दिलेली मूळ तारीख जूनच्या तिसऱ्या आठवड्यातील होती. बाळाचे वजन दीड किलोलाही थोडे कमी. सहा दिवस ऑक्सिजन, सव्वीस दिवस रुग्णालय. ऑगस्टच्या पावसात बाळाला सर्दी झाली, श्वास जोराने चालू लागला आणि पुन्हा तीन दिवस रुग्णालयात काढावे लागले. आता वजन पाच किलोवर गेले आहे. पण आईची २६ आठवड्यांची रजा दोन आठवड्यांत संपणार होती, आणि ठेकेदाराच्या माणसाचा निरोप आला होता : तारखेला या, नाहीतर जागा भरली जाईल.

"लेकरू साडेपाच महिन्यांचं झालं की हो भाऊ," आजी म्हणाल्या. "गल्लीतली बाकीची लेकरं तीन-तीन महिन्यांची असताना पाळणाघरात गेली. हिलाच काय झालं?"

"आई, ती लेकरं पुऱ्या दिवसांची होती," सून हळूच म्हणाली.

"अगं, सातमाशी लेकरू चिवट असतं. आठमाशाची भीती. हे दोन्हींच्या मधलं, म्हणून मला समजंना!"

सगळे हसले, परंतु वाचकहो, हा समज आपल्याकडे घरोघरी आहे, म्हणून येथे जरा थांबू. सातव्या महिन्यातले बाळ जगते आणि आठव्यातले जगत नाही, असे म्हणतात. ते खरे नाही. आईच्या पोटात बाळ जितके दिवस जास्त राहील तितकी त्याची फुप्फुसे, मेंदू, आतडी अधिक तयार होतात. म्हणून आठव्या महिन्यातील बाळाचे पारडे सातव्यापेक्षा जडच असते. ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळाला अपुऱ्या दिवसांचे बाळ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे जन्मली, आणि त्यांपैकी ३० लाखांहून अधिक एकट्या भारतात. तेव्हा या घरात घडले ते जगावेगळे नाही, आणि त्यात त्या मुलीचा काही दोषही नाही.

आमच्या परिचारिका भगिनींनी डिस्चार्ज कार्ड मागितले आणि आम्हां कारकुनांना म्हणाल्या, "तुमचा कागद काढा, हिशेब मांडा."

हिशेब सोपा आहे. प्रत्येक घराने शिकून घ्यावा असा आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची दोन वये असतात. एक जन्मतारखेपासूनचे. दुसरे, ज्या तारखेला ते जन्मायला हवे होते तेथून मोजलेले. डॉक्टर त्याला सुधारित वय म्हणतात. पूर्ण दिवस ४० आठवड्यांचे. बाळ ३२ व्या आठवड्याला आले, म्हणजे ८ आठवडे लवकर. जन्मापासून २४ आठवडे झाले. २४ मधून ८ वजा केले की १६ उरतात. म्हणजे जन्मदाखल्यावर साडेपाच महिन्यांची असलेली ही मुलगी, तिच्या अंगाच्या आणि मेंदूच्या वाढीच्या दृष्टीने, अजून चार महिन्यांचीही नव्हती. मान कधी धरेल, कुशीवर कधी वळेल, बसेल कधी, हे सारे दोन वर्षांची होईपर्यंत या दुसऱ्या वयावरून पाहायचे. वरचे अन्न सुरू करतानाही डॉक्टर हेच वय विचारात घेतात. म्हणजे शेजारच्या लेकराशी तुलना करून जिवाला घोर लावून घ्यायचा नाही.

लसीकरणाचा हिशेब मात्र उलटा आहे. लसी जन्मतारखेवरूनच द्यायच्या. ६, १० आणि १४ आठवड्यांच्या लसी "बाळ बारीक आहे" म्हणून पुढे ढकलायच्या नाहीत. ज्याला जंतूंची भीती जास्त, त्याला लसीची गरजही जास्त. या घरात तिन्ही वेळच्या लसी वेळेवर झाल्या होत्या. कार्डावर शिक्के पाहून आम्हांला फार समाधान वाटले. ते काम आशाताईंचे. आजारी नवजात बाळाची काळजी घरोघरी जाऊन घेता येते, हे आपल्याच महाराष्ट्रात गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना शिकवून सिद्ध केले. त्यांचा अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आला आणि २०११ पासून आशा कार्यकर्तींमार्फत ही पद्धत देशभर नेण्यात आली. दारात येणारी आशाताई ही अशी अभ्यासातून आलेली आहे. तिला बसायला पाट द्यावा आणि तिचे ऐकावे.

"मग कितव्या महिन्यात ठेवायचं पाळणाघरात? आकडा सांगा," बाळाचे वडील म्हणाले. ते दुसऱ्या एका कारखान्यात पाळीने काम करतात.

असा एक आकडा कोणताही प्रामाणिक डॉक्टर देणार नाही. पैठणच्याच माणसाला हे समजावणे सोपे. जायकवाडीला २७ दरवाजे आहेत. ते कॅलेंडर पाहून उघडतात का? पाण्याची पातळी किती, वरून आवक किती, खाली नदीकाठी परिस्थिती काय, हे पाहून उघडतात. बाळाचेही तसेच आहे. बाळाची पातळी पाहायची आणि खालचा काठ, म्हणजे ते पाळणाघर, तेही पाहायचे.

बाळाची पातळी पाहताना परिचारिका भगिनींनी एकेक गोष्ट विचारली. वजन दर महिन्याला वाढते आहे का? दूध ओढताना दम लागतो का, ओठ निळसर होतात का? वाटी-चमच्याने दूध घेते का? कारण आईवाचून राहायचे तर ते आलेच पाहिजे. जन्मानंतर महिनाभराच्या आत डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाली का? अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांत त्या पडद्याचा विकार होऊ शकतो. वेळेवर उपचार केले तर नजर वाचते, उशीर झाला तर जाऊ शकते. कानांची तपासणी? लोहाचे व जीवनसत्त्वाचे थेंब चालू आहेत का? आणि शेवटचा प्रश्न महत्त्वाचा : छातीचा त्रास पुन्हा झाला का?

डोळे तपासले होते. कान तपासले नव्हते, ते राहून गेले होते. वाटी-चमच्याने दूध घेण्याची सवय अजून नीट झाली नव्हती. आणि ऑगस्टमधली ती सर्दी. अशा बाळाची श्वासनलिका अगदी अरुंद असते. मोठ्यांना जी सर्दी दोन दिवस नाक गाळून जाते, तीच बाळाच्या छातीत उतरते. पाळणाघरात एका लेकराला सर्दी झाली की आठवड्यात सगळ्यांना होते. म्हणून ज्या बाळाला ऑक्सिजन लागला होता, त्याचा पहिला हिवाळा शक्यतो गर्दीबाहेर काढावा, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. या बाळाचा तो हिवाळा पंधरा दिवसांवर आला होता.

दुपारी आम्ही गल्लीतले पाळणाघर पाहायला गेलो. एक विधवा ताई आपल्या घरातच ते चालवतात. नऊ मुले. सर्वांत लहान सात महिन्यांचे, सर्वांत मोठे चार वर्षांचे. रविवार असूनही तीन मुले होती, कारण कारखान्यातील पाळीला रविवार नसतो. ताई मायाळू. मुले त्यांना बिलगत होती. घर स्वच्छ, पाण्याचा माठ झाकलेला, मुलांची अंगडी-टोपडी दोरीवर वाळत घातलेली. वस्तीतील कितीतरी संसार या एका बाईच्या जिवावर चालतात, आणि त्यांच्या कष्टाची नोंद कुठल्याच वहीत नाही.

तरीही पाहायचे ते पाहिलेच पाहिजे. नऊ मुलांमागे त्या एकट्या. स्वयंपाकाचा धूर त्याच खोलीत. आजारी मुलाला घरी ठेवा, असे त्या सांगतात, पण आई कामावर जाते आणि लेकराचे नाक गळत असले तरी ते येतेच. आम्ही विचारले, "ताई, अपुऱ्या दिवसांचं लेकरू सांभाळाल का?" त्यांनी सरळ उत्तर दिले : "सांभाळीन भाऊ, पण थंडी सरू द्या. आत्ता माझ्याकडं सगळ्यांना खोकला हाय. उगं पैशासाठी हो म्हणून पुन्हा तोंड कसं दाखवू?" असे खरे बोलणारे पाळणाघर मिळणे ही अर्धी तपासणी झाली, असे आम्ही समजतो.

पाळणाघर पाहताना काय विचारावे, ते येथे लिहून ठेवतो. तान्ह्या बाळांमागे सांभाळणारे हात किती? लंगोट बदलल्यावर आणि दूध पाजण्याआधी साबणाने हात धुतात का? ताप आलेल्या मुलाला वेगळे ठेवतात का? बाळाला पाठीवर निजवतात का? घरात कोणी विडी-तंबाखू ओढते का? आईच्या कामापासून ते किती लांब? मध्ये येऊन पाजता येईल का? काढून ठेवलेले दूध कुठे ठेवणार? खोलीच्या तापमानाला आईचे दूध चार तास चालते असे सांगतात, परंतु ते गार खोलीचे गणित आहे. मराठवाड्यातील चैत्र-वैशाखात पत्र्याखाली त्यावर भरवसा ठेवू नये. फ्रिजमध्ये ठेवले तर दिवसभर चालते. आणि धोक्याची लक्षणे सांभाळणाऱ्या बाईला तोंडपाठ हवीत : बाळ दूध ओढेनासे झाले, अंग गार पडले किंवा तापले, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडू लागला, ओठ निळे झाले, तर वाट पाहायची नाही. दोन महिने ते वर्षभराच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा त्याहून अधिक चालला, तर तो जोराचा श्वास समजावा आणि १०८ ला फोन करावा. शासनाच्या रुग्णालयात वर्षाच्या आतील आजारी बाळाला उपचार आणि वाहन मोफत आहे.

संध्याकाळी गाडीला वेळ होता म्हणून गोदावरीच्या घाटावर गेलो. पैठणच्या वाळवंटातील एक गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. सोळाव्या शतकात, ऐन उन्हाच्या वेळी, तापलेल्या वाळूत एक अस्पृश्याचे मूल रडत होते. एकनाथ महाराजांनी ते उचलून कडेवर घेतले आणि महारवाड्यात त्याच्या घरी पोचवले, असे सांगतात. कीर्तनकार सांगतात, पाठ्यपुस्तके सांगतात, आणि ऐकणारे नाथांची थोरवी मानतात. मानावी. पण त्या गोष्टीत एक माणूस कायमचे गैरहजर आहे. ती म्हणजे त्या लेकराची आई. ती कुठे होती? लेकरू वाळवंटात एकटे कसे? तिला हौस होती का? आमचा तर्क साधा आहे : ती कामावर असणार, कोणाच्या तरी बिनमोलाच्या कामावर. चारशे वर्षे आपण उचलून घेणाऱ्याची गोष्ट सांगत आलो, आणि लेकरू खाली का ठेवावे लागले हे विचारायचे राहून गेले.

तो प्रश्न बाबासाहेबांनी विचारला. जुलै १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूतीविषयक साहाय्याचे विधेयक चर्चेला आले, तेव्हा त्यांनी त्याच्या बाजूने भाषण केले. बाळंतपणाआधी आणि नंतर स्त्री कामगाराला विश्रांती मिळणे हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांनी मांडले. १९२९ साली तो कायदा मुंबई प्रांतात झाला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना खाणीतील स्त्रियांच्या प्रसूतिसाहाय्याचे कायदे त्यांच्याच खात्यातून सुधारले गेले. १९६१ साली देशभराचा कायदा आला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली. नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला असून २६ आठवडे तेथेही कायम आहेत.

आणि येथेच आम्हां कारकुनांच्या उपयोगाची गोष्ट आहे, जी त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हती. १९६१ च्या कायद्यातच तरतूद होती, आणि ती आजही आहे, की गरोदरपण, प्रसूती किंवा अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण यांतून उद्भवलेल्या आजारपणासाठी जास्तीत जास्त एक महिन्याची वाढीव पगारी रजा मिळते. राज्य विमा योजनेतही ही सोय आहे. मात्र "बाळ बारीक आहे" एवढे कारण पुरत नाही. आईच्या आजारपणाचा डॉक्टरी दाखला लागतो. या मुलीचा रक्तदाब अजून गोळ्यांवर होता आणि अंगात रक्त कमी होते. तिच्याकडे विमा कार्ड होते, हप्ते दरमहा पगारातून कापले जात होते. मग मागायला संकोच कसला? प्रसूतीच्या रजेवर असलेल्या बाईला त्या कारणाने कामावरून काढणे बेकायदा आहे, हेही आम्ही तिला मोठ्याने वाचून दाखवले. ठेकेदाराची असली तरी ती कामगारच आहे.

त्याच रात्री परतण्याआधी अर्ज लिहून झाला. पुढच्या आठवड्यात दाखला जोडून तो दिला गेला. महिना मंजूर झाला. २६ आठवडे आणि वर एक महिना, म्हणजे नोव्हेंबरची अखेर. बाळ आठ आठवडे आधी आले होते, त्यांतले चार कायद्याने भरून दिले. उरलेल्या चारांची आणि थंडीची भरपाई घराला करायची होती.

ती अशी ठरली. आईने पहिली पाळी मागून घेतली. वडिलांनी दुसरी घेतली. सकाळी बाळ वडिलांजवळ आणि आजीजवळ, दुपारी आईजवळ. आजीबाई दरवर्षी कापूस वेचायला जातात; यंदा त्या गेल्या नाहीत. म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरची मजुरी बुडाली. हिशेबाच्या वहीत ती रक्कम कोणत्या खात्यावर मांडायची? आम्ही ती "बाळाची फुप्फुसे" या खात्यावर मांडली. आजी हसल्या आणि म्हणाल्या, "मांडा. फिटंल ते." वडील बाळाला उघड्या छातीशी धरून वरून चादर गुंडाळून बसायला शिकले. कांगारू पद्धत म्हणतात ती. १९७८ साली दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात, बोगोटा शहरात, काचपेट्या पुरेनात तेव्हा डॉक्टरांनी ती सुरू केली. बापाच्या छातीलाही तीच ऊब असते, हे आपल्या पुरुषमंडळींनी ध्यानात घ्यावे.

फेब्रुवारीच्या मध्यावर थंडी ओसरेल. तेव्हा बाळाचे सुधारित वय आठ महिने होईल. कानांची तपासणी झालेली असेल, वाटी-चमच्याची सवय लागलेली असेल. डॉक्टरांनी छाती तपासून होकार दिला, तर प्रथम रोज एक तास, मग दोन, मग अर्धा दिवस, असे ते गल्लीतल्या ताईंकडे जाईल. होकार दिला नाही, तर महिनाभर पुढे. तारीख ठरलेली आहे, ती बाळाच्या तब्येतीच्या हाती ठेवून.

हे घर त्यातल्या त्यात सुदैवी. आजी आहे, विमा कार्ड आहे, दोघांच्या पाळ्या जुळल्या. बांधावरच्या त्या झोळीतल्या लेकराच्या आईला यातले काय आहे? तिला पहिल्या बाळंतपणाला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे ५००० रुपये, आणि दुसरी मुलगी झाली तर ६००० रुपये. ते जरूर घ्यावेत. पण २६ आठवड्यांची पगारी रजा शेतमजुराला नाही, ऊसतोड कामगाराला नाही, धुणीभांडी करणारीला नाही. तिच्या बाळासाठी पाळणाघर हीच रजा.

म्हणून काही गोष्टी आपल्या हातच्या आहेत त्या सांगतो. ज्या आस्थापनेत ५० किंवा अधिक कामगार आहेत, तेथे पाळणाघराची सोय असलीच पाहिजे आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाता आले पाहिजे, असा कायदा आहे. अनेकांनी मिळून सामाईक पाळणाघर चालवण्याची मुभाही आहे. औद्योगिक वसाहतीत चार कारखान्यांमिळून एक पाळणाघर का होऊ नये? कामगार संघटनांनी हा विषय पगारवाढीच्या मागणीपत्रात घालावा. केंद्राच्या पाळणा योजनेत अंगणवाडीला जोडून सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी पाळणाघर काढता येते. आपल्या वस्तीसाठी नगरपरिषदेकडे, पंचायत समितीकडे लेखी मागणी करावी, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे सहा महिने सुधारित वयाने पाहावेत, असेही त्यात लिहावे. दिल्लीत मीरा महादेवन यांनी १९६९ साली बांधकामावरील मजुरांच्या मुलांसाठी तंबूतच 'मोबाइल क्रेश' सुरू केले होते. जागा नाही, ही अडचण त्यांनी मानली नाही. आपल्या विहाराची खोली तर दुपारभर रिकामीच असते.

आणि प्रत्येक घरासाठी एकच सांगणे. रुग्णालयातून निघताना डिस्चार्ज कार्डावर बाळ कितव्या आठवड्याला जन्मले तो आकडा लिहून घ्या. ४० मधून तो वजा करा. जे आठवडे उरतील, तेवढे तुमच्या बाळाचे येणे आहे. कायद्याकडून, मालकाकडून, शासनाकडून आणि शेवटी घराकडून ते वसूल करायचे. पाळणाघराचा दिवस त्यानंतर ठरवायचा.